उसाच्या पाचटापासून ग्रिडची बॅटरी: पीएचडीला हा विषय घ्यावा का?

यळ्ळूरची_रसायन

नमस्कार मंडळी. मी बेळगावजवळच्या यळ्ळूरची. रसायनशास्त्रात एमएस्सी झालंय, आता पीएचडीचा विषय ठरवायचाय. सरांनी दोन वाटा दाखवल्यात. एक औषधांच्या रेणूंची, तिथं नोकऱ्या बऱ्या आहेत. दुसरी सोडियम आयन बॅटरीची, म्हणजे लिथियमऐवजी सोडियमवर चालणाऱ्या बॅटरीची: तिच्या ऋण बाजूला सोडियम साठवून धरणारा हार्ड कार्बन लागतो, तो शेतातल्या टाकाऊ मालापासून, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्यापासून (पाचटापासून) बनवायची. माझं मन दुसरीकडं ओढतंय, आणि त्याला कारण आहे.

आपल्या भागात घरोघरी इन्व्हर्टर आहे. त्याची जुनी शिशाची बॅटरी भंगारात जाते, पुढं काय होतं ते कुणी बघत नाही. मी बघितलंय. एका गावाबाहेरच्या शेडमागं बॅटऱ्या फोडत होते. कोयत्यानं झाकण उडवायचं, आम्ल सरळ चरीत ओतायचं, प्लेटा पोत्यात भरायच्या. चरीच्या दोन्ही कडांना गवत जळून गेलेलं, खालची माती पांढरट झालेली. प्लेटा उचलणाऱ्या बाईच्या हातात मोजे नव्हते, शेजारी तिचं पोर खेळत होतं. शिसं पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येतं हे पुस्तकात वाचलंय आणि ते खरंही आहे. २०२२ साली बॅटरी कचऱ्याचे नियम आले, जुनी बॅटरी परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली. तरी ती शेड चालूच आहे.

म्हणून नव्या बॅटरीबद्दल मला आधीच विचारून घ्यायचंय. पाचटापासून कार्बन म्हटलं की सगळे 'हिरवं' म्हणून टाळ्या वाजवतात. बनवताना ते किती हिरवं राहतं? आणि अशी बॅटरी आपल्या ग्रिडला, म्हणजे खरोखर आपल्या तालुक्यातल्या सबस्टेशनला, काही उपयोगाची आहे का? कारखान्यात किंवा वीज खात्यात काम केलेल्यांनी सांगावं. शेतकऱ्यांनी तर जरूर सांगावं.

निपाणीचा_वायरमन_काका

बाळ, मी आयुष्यभर विजेच्या कामात होतो, आता निवृत्त आहे. ग्रिडचं तेवढं सांगतो.

आपल्याकडं दुपारी ऊन भरपूर, सोलरची वीज ओसंडून येते. संध्याकाळी सहाला सूर्य जातो आणि त्याच वेळी घराघरांत दिवे, टीव्ही, मिक्सर, गिरणी सुरू. पोटदुखी त्या चार तासांची आहे. पंपांसाठी साठवणूक करत बसू नये असं माझं ठाम मत आहे. पंप दिवसा उन्हावरच चालवावेत, विहिरीतलं पाणी शेतात गेलं की झालं काम. बॅटरी गावासाठी ठेवावी.

हिशेब कर. पाच-सहाशे उंबऱ्यांचं गाव धर, घरटी अर्धा किलोवॅट. तीनशे किलोवॅट झाले. सहा ते दहा चार तास, म्हणजे १,२०० युनिट. एवढी बॅटरी ट्रान्सफॉर्मरच्या आवारात एका कंटेनरमध्ये बसते. देशात मोठी कामं झालीच आहेत. गुजरातेत मोढेऱ्याला २०२२ मध्ये ६ मेगावॅट सोलरला १५,००० युनिटची बॅटरी जोडली. छत्तीसगडात राजनांदगावला ४० मेगावॅट तीन तास देणारी आहे, म्हणजे १,२०,००० युनिट.

तू म्हणशील सौंदत्तीला रेणुकासागराच्या काठी पंप्ड स्टोरेजचा प्रकल्प आखलाय, मग बॅटरी कशाला? दोन्ही लागतात. पाणी वर चढवून परत खाली सोडलं तर शंभर युनिटांतले ७५-८० परत येतात, लिथियम बॅटरीत ८५-९०. पण डोंगर आणि दोन तळी प्रत्येक तालुक्यात कुठनं आणणार? शिवाय सौंदत्तीची वीज जांबोटी-कणकुंबीला न्यायची तर तारेवरूनच न्यायची, आणि जुलैत त्या जंगलात झाड पडलं की तार तुटलीच. अशा वेळी गावाजवळची बॅटरी गाव उजेडात ठेवू शकते. ती कशी जोडायची यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, त्यावर नंतर लिहितो. आधी कारखान्यातलं कुणी बोलू दे.

खानापूरची_पुण्यात

मी पुण्याकडं बॅटरीच्या कोटिंग लाइनवर काम करते. माहेर खानापूर, त्यामुळं काकांचं ते जुलैचं वर्णन चांगलंच कळलं.

तुझा प्रश्न योग्य जागी लागलाय, म्हणून सविस्तर लिहिते. बॅटरीचा कारखाना बाहेरून चकाचक दिसतो, धुराडं नसतं. ऊर्जा खातात त्या दोन जागा: सुकवण्याची भट्टी आणि कोरडी खोली. लिथियम बॅटरीच्या धन बाजूची पूड पीव्हीडीएफ नावाच्या चिकटद्रव्यात कालवतात आणि ते विरघळवायला एनएमपी हा द्रव लागतो. त्याची दाट लापशी अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर पसरायची आणि पत्रा लांबलचक ओव्हनमधून न्यायचा. एनएमपी २०२ अंशांना उकळतो. त्याची वाफ हवेत दाटली तर पेट घेईल, म्हणून ती पातळ ठेवायला प्रचंड गरम हवा सतत फिरवावी लागते. मग तीच हवा थंड करून एनएमपी परत गोळा करायचा, कारण तो महाग आहे आणि गर्भाला अपायकारक आहे. म्हणजे आधी तापवण्यात वीज, मग थंड करण्यात वीज. आमच्या लाइनवर गरोदर बाईला त्या बाजूला पाठवत नाहीत, हा नियम मात्र कडक पाळतात.

कोरडी खोली तर विचारू नकोस. आत हवेचा दवबिंदू उणे ४० अंशांच्या आसपास ठेवतात. बाईमाणूस असो की बाबा, श्वासातनं बाहेर पडणारी वाफसुद्धा तिथं जड होते, म्हणून एका वेळी आत किती जण जायचं ते ठरलेलं असतं. ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात. ओलावा शोषणारं चाक पुन्हा कोरडं करायला परत गरम हवा लागते. बॅटरी हिरवी करायची म्हणजे आधी या दोन बिलांना हात घालायचा.

आता तुझ्या पाचटाकडं येते. काकांच्या १,२०० युनिटांवरून मी हिशेब मांडला. हार्ड कार्बन ग्रॅममागं साधारण ३०० मिलिअँपिअर-तास साठवतो, सेलचा सरासरी दाब तीनेक व्होल्ट. म्हणजे एका युनिटला किलोभरापेक्षा थोडा जास्त कार्बन. हात सैल सोडून दीड किलो धरू. बाराशे युनिटांना १,८०० किलो. पाचट हवा न लागू देता हजार ते चौदाशे अंशांपर्यंत तापवलं की पाचवा हिस्सा हातात राहतो असं धर, म्हणजे नऊ टन पाचट. एकरी तीन-चार टन निघतं. मग एका गावाच्या बॅटरीला अडीच-तीन एकरांचं पाचट पुरलं!

हा आकडा आला तेव्हा मी दोनदा तपासला. याचा अर्थ माल मिळणं ही अडचण नाहीच. पण दुसरी बाजूही बघ. किलोमागं १२० वॅट-तास धरले तर तेवढ्या सेलचं वजन दहा टन होतं आणि त्यात तुझा कार्बन पाचव्या हिश्श्याहून कमी. उरलेल्यात धन बाजूची पूड, द्रव, डबा आणि पत्रा. सोडियमची एक गोष्ट चांगली, तो अ‍ॅल्युमिनियमशी मिश्रधातू करत नाही, त्यामुळं ऋण बाजूलाही तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमच चालतं. आपल्याकडं यमनापूरला अ‍ॅल्युमिना बनतो, पण त्याचा धातू करायला बेसुमार वीज लागते आणि ती कोळशाची असली की पत्राही काळाच.

तेव्हा 'पाचटापासून बनवला' एवढ्यावर प्रबंध उभा करू नकोस. ते पुष्कळांनी केलंय. पाचटात सिलिका आणि पोटॅशियम भरपूर, वर शेतातली माती. पोटॅशियम पाण्यानं बरंचसं निघतं, सिलिका मात्र कॉस्टिक सोड्यानं धुवावी लागते. शोधनिबंधात 'धुतलं, वाळवलं' एवढंच लिहितात. ते धुण्याचं पाणी कुठं गेलं? किलोभर कार्बनमागं किती लिटर? हे तू मोज. तुझ्या त्या चरीची गोष्ट वाचल्यावर तर हेच काम तुझं आहे असं वाटलं. दुसरं, भट्टीत पाचट तापताना जो वायू निघतो तो जाळून तीच उष्णता वाळवायला वापरता येते का ते बघ. दुपारच्या सोलरवर भट्टी चालवा असं लोक सुचवतात, पण एवढी तापलेली भट्टी रोज विझवून पेटवली तर आतलं अस्तर तडकतं, त्यामुळं तो उपाय मला पटत नाही.

चिकटद्रव्याचंही बघ. हार्ड कार्बन सीएमसीसारख्या चिकटद्रव्यासोबत साध्या पाण्यात कालवून पसरता येतो, एनएमपी लागतच नाही. सध्या द्रवाशिवाय कोरड्या कोटिंगचा बोलबाला आहे, २०१९ मध्ये टेस्लानं मॅक्सवेल कंपनी घेतली ती त्यासाठीच. ओव्हन वाचतं हे खरं, पण त्यात चिकटद्रव्य म्हणून बहुधा पीटीएफई वापरतात. ते फ्लोरिनचं, निसर्गात न कुजणारं. युरोपात २०२३ पासून अशा साऱ्या पदार्थांवर बंदीचा प्रस्ताव चर्चेत आहे. माझं मत विचारशील तर पाण्याची वाट धर.

पुण्यात आयसर ही संशोधन संस्था आणि केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून सोडियम आयनचं तंत्र विकसित केलं, डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं. म्हणजे इतक्या जवळ या कामाची माणसं आहेत. लिहून विचार, लोक उत्तरं देतात.

चिकोडीकडचा_ऊसवाला

ताईंचा हिशेब वाचून बरं वाटलं, कारण मी भांडायच्या तयारीनं आलो होतो. मागं एकानं बगॅसपासून बॅटऱ्या करायचं डोक्यात घेतलं होतं. बगॅसला, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्याला, टाकाऊ म्हणू नका बघा. कारखाना तेच जाळून स्वतःचं चालवतो, वर वीज ग्रिडला विकतो. ते काढून घेतलं तर बॉयलरला कोळसा घालणार काय? गुऱ्हाळाची चिपाडंही चुलवणात जातात. वाढं जनावरांना लागतं.

राहिलं पाचट. त्यालाही आम्ही आता कचरा मानत नाही. खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटणाऱ्या पिकात, सरीआड पसरून वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कल्चर टाकलं की कुजून खत होतंय, पाणीही कमी लागतंय. आमच्या काळ्या रानात सेंद्रिय कर्ब असा घसरलाय की पाचट काढून नेणाऱ्याला मी बांधावर पाय ठेवू देणार नाही. पण अजून लई जण पेटवतात. खोडवा मोडायचा असला की सर्रास काडी लावतात, संध्याकाळी सगळा शिवार धुरानं भरतोय, म्हाताऱ्यांना धाप लागती. तसल्या रानातलं उचला की. तीन एकर म्हणजे आमच्या एका गल्लीतच मिळेल.

एक व्यवहाराचं सांगतो. पाचट हलकं असतंय, ट्रॉली भरती पण वजन भरत नाही. बेलरनं गठ्ठे बांधल्याशिवाय वाहतूक परवडत नाही आणि बेलर दात खाली लावून ओढला की माती येतीच. सिलिकाचं ताई म्हणाल्या त्यात ही माती धरा. तोडणीनंतर लगेच, पाणी द्यायच्या आधी उचललं तर बरंच स्वच्छ मिळतंय.

यळ्ळूरची_रसायन

ताई, अण्णा, काका, मनापासून आभार. धुण्याच्या पाण्याचं डोक्यातच आलं नव्हतं असं नाही, पण तो प्रबंधाचा विषय होऊ शकतो असं कुणी म्हटलं नव्हतं. सरांशी बोलले. त्यांनी अट घातली की बॅटरीची क्षमताही दाखवावी लागेल, नुसता पाण्याचा हिशेब चालणार नाही. ते रास्तच आहे. कॉस्टिकमध्ये उतरलेली सिलिका परत काढून विकण्याजोगी करता आली तर तो भागही घेऊ म्हणाले.

अण्णा, काळ्या रानातलं आणि आमच्या लाल मातीतलं, दोन्हीकडचं पाचट घेऊन राख तपासायचीय. पेटवणार असतील अशांचंच घेईन.

काका, ते जिवाचं काय म्हणत होता?

निपाणीचा_वायरमन_काका

हं, ते राहिलं होतं. तार तुटली की लाइनमन फीडर बंद करून खांबावर चढतो. त्याच्या लेखी तार मेलेली असते. गावात बॅटरी असेल आणि ती आपोआप सुरू होऊन उलट्या बाजूनं तारेत वीज सोडेल तर वरचा माणूस जागीच जातो. जनरेटर आणि घरच्या चुकीच्या जोडणीनं असले अपघात झालेत, मी खांद्यावरून माणूस उतरवलाय. म्हणून गाव वेगळं काढणारा स्विच उघड्या डोळ्यांना दिसेल असा बाहेर पाहिजे, त्याला कुलूप पाहिजे, आणि किल्ली खांबावर चढणाऱ्याच्या खिशात पाहिजे. सॉफ्टवेअरनं बंद होतं म्हणून सांगणाऱ्यावर विसंबू नये. चढण्याआधी दोन्ही बाजूंना अर्थिंग, हे तर आहेच.

हे तुझ्या रसायनात बसत नाही, पण इलेक्ट्रिकलच्या पोरांना सोबत घेतलंस तर त्यांच्या आराखड्यात पहिल्याच पानावर घालायला लाव. मच्छ्यात विद्यापीठ आहे, उद्यमबागेत कॉलेज आहे, पोरं मिळतील.

चिकोडीकडचा_ऊसवाला

तोडणी दिवाळीनंतर लागेल. आमच्या भावकीतले दोघं यंदा खोडवा मोडणार आहेत आणि काडी लावायच्याच बेतात आहेत, त्यांना थांबवून ठेवतो. पोती तुझी तू आण, इथली युरियाची घेतलीस तर राखेत भलतंच काहीतरी सापडेल.