मदत हवी आहे: नात आणि आजोबांसाठी ऑनलाइन पियानो शिकवणी

नमस्कार मंडळी. माझ्या मुलीला आणि बाबांना, दोघांनाही ऑनलाइन पियानो शिकायचाय. ती अगदी नवखी. बाबा पूर्वी हार्मोनियम वाजवायचे, त्यामुळे उजवा हात सराईत, पण डाव्या हाताला भात्याचीच सवय. दोघांना एकच शिक्षक चालतील की वेगळे बघावेत?

घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. पियानोला ८८ पट्ट्या, आणि त्या दाबायलाही जड. हलक्या पट्ट्यांवर सुरुवात केली तर बोटांना चुकीचं वळण लागेल का, ही खरी काळजी. मनगट खाली पडतंय हे शिक्षकांना दिसावं म्हणून कॅमेरा बाजूने लावावा की वरून? शिवाय व्हिडिओ कॉलवर लांबवलेले सूर मध्येच दबतात. गोंगाट गाळणारी सेटिंग बंद करून कुणाला फरक पडलाय का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.