निकेल कॉलमनंतरही ७० किलोडाल्टनचा बँड जात नाही : मदत हवी आहे

नमस्कार. यीस्टचे एक प्रथिन मी ई. कोलाय जिवाणूच्या बीएल२१-डीई३ या स्ट्रेनमध्ये तयार करते आहे. त्याचे वजन ४२ किलोडाल्टन असून एन-टोकाला सहा हिस्टिडिनांचा (निकेलला चिकटणाऱ्या अमिनो आम्लांचा) टॅग आणि त्यापुढे टीईव्ही प्रोटिएजने कापण्याची जागा आहे. ३७ अंशांवर जवळजवळ सगळे प्रथिन इन्क्लूजन बॉडीत (अविद्राव्य गोळ्यांत) जाते, म्हणून आयपीटीजी (प्रथिननिर्मिती सुरू करणारे रसायन) घातल्यावर कल्चर रात्रभर १८ अंशांवर ठेवते; तेव्हा विद्राव्य भाग पुरेसा मिळतो. मात्र निकेल-एनटीए कॉलमवरून २५० मिलीमोलर इमिडॅझोलने (निकेलवरची हिस्टिडिनांची जागा घेणाऱ्या रसायनाने) ते उतरवले की जेलवर दोन आगंतुक बँड दिसतात : ७० च्या आसपास एक ठळक आणि २५ च्या जवळ एक फिकट.

बफरमध्ये ५० मिलीमोलर ट्रिस, पीएच ८, आणि ३०० मिलीमोलर मीठ आहे. धुताना इमिडॅझोल २० वरून ४० मिलीमोलरवर नेले. ६० वर माझेच प्रथिन निसटू लागते, पण ७० चा बँड जागचा हलत नाही.

खालचा बँड बहुधा स्लायडी या ई. कोलायच्याच प्रथिनाचा असावा. त्याच्या सी-टोकाला हिस्टिडिनांची गर्दी असते आणि खरे वजन २१ असूनही जेलवर तो थोडा वर धावतो. टीईव्हीने टॅग कापून मिश्रण पुन्हा निकेलवरून सोडले, की तो आणि टॅग असलेले टीईव्ही मागे राहावेत, त्यामुळे त्याची मला फारशी चिंता नाही. वरच्या बँडचे तसे नाही, कारण तो आर्नए (७४), ग्लमएस (६७) किंवा डीएनएके (७०) या ई. कोलायच्या प्रथिनांपैकी कोणीही असू शकतो. पहिले दोघे स्वतः निकेलला चिकटतात. डीएनएके हा चॅपरोन (इतर प्रथिनांना घडी घालायला मदत करणारे प्रथिन) असल्याने तो माझ्या प्रथिनालाच धरून येत असेल, तर टॅग कापूनही सुटणार नाही. जेल फिल्ट्रेशनमध्ये (आकारानुसार वेगळे करताना) माझे प्रथिन आणि हा बँड एकत्र येतात, पण माझे प्रथिन डायमर (दोन रेणूंची जोडी) असेल तर ८४ आणि ७० एकमेकांवर पडणारच, त्यामुळे तो पुरावा मी मानत नाही. मास स्पेक्ट्रोमेट्रीची वाट न पाहता हा निवाडा कसा करावा? डीएनएकेची पकड सोडवण्यासाठी एटीपीने (पेशीच्या ऊर्जावाहक रेणूने) धुवायचे झाल्यास ते कोणत्या टप्प्यावर आणि किती घ्यावे?

प्रतिसाद

आधी रिकामा प्लाझमिड असलेल्या पेशींचा लायसेट (पेशी फोडून मिळालेले द्रावण) तितक्याच रेझिनवरून (कॉलममधल्या निकेलच्या मण्यांवरून) तशाच पद्धतीने सोडून पाहा. तिथे ७० चा बँड अजिबात आला नाही, तर तो तुमच्या प्रथिनावर स्वार होऊन येतो आहे आणि संशय डीएनएकेवर पक्का होतो. बँड आला तर मात्र निष्कर्षाची घाई करू नका : टॅगवाले प्रथिन नसताना रेझिनवर मोकळ्या जागा भरपूर असतात आणि एरवी न टिकणारेही तिथे चिकटतात. त्याच कारणाने रेझिन नेहमी बेतानेच घ्यावे.

डीएनएके ठरल्यास, प्रथिन कॉलमवर असतानाच ५ मिलीमोलर एटीपी, १० मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइड आणि १०० मिलीमोलर पोटॅशियम क्लोराइड असलेल्या बफरमध्ये रेझिन अर्धा तास ठेवून मग धुवावे. एटीपीचे द्रावण आम्लधर्मी असते, म्हणून ते आधी पीएच ७ ला आणावे. ईडीटीए (धातू पकडणारे रसायन) कुठेही नको, कारण ते मॅग्नेशियमही पकडते आणि निकेलही ओढून काढते. एटीपी बसले की डीएनएकेची पकड सैल होते, पण एटीपी फुटताच ती पुन्हा घट्ट होते. म्हणून काही जण धुण्याच्या बफरमध्ये ई. कोलायचीच उलगडलेली प्रथिने आमिष म्हणून घालतात.

आर्नए आणि स्लायडीसाठी २०१३ साली प्रसिद्ध झालेला लॉब्स्टर स्ट्रेन आहे (त्यात ही दोन प्रथिने निकेलला कमी चिकटतील अशी बदलली आहेत), पण डीएनएकेवर त्याचा उपयोग नाही. शिवाय डीएनएके निघाल्यावर प्रथिन जेल फिल्ट्रेशनच्या व्हॉइड व्हॉल्यूममध्ये (म्हणजे मोठे गठ्ठे होऊन सर्वांत आधी) येऊ लागले, तर दोष शुद्धीकरणाचा नसून प्रथिनाच्या घडीचा (फोल्डिंगचा) आहे. मग टॅगचे टोक किंवा कन्स्ट्रक्टची (तयार करायच्या प्रथिनाच्या तुकड्याची) लांबी बदलून पाहावी लागेल.