एलव्हॅड पंप बसवल्यावर झडप गळायला लागली, डॉक्टरांना काय विचारू?

पाणकणीस: बाबांना (वय ६८) एलव्हॅड, म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याला मदत करणारा पंप बसवलाय, हार्टमेट ३ मॉडेल. पहिलं वर्ष छान गेलं. आता जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पायांवर सूज येते. इकोत (हृदयाची सोनोग्राफी) 'एऑर्टिक झडपेची मध्यम गळती' आलीये, म्हणजे डावा कप्पा आणि महाधमनी यांच्यामधली झडप. पंप बसवण्याआधी ती नव्हती. आणि कंट्रोलरवर (पंप चालवणारी बाहेरची पेटी) फ्लोचा, म्हणजे पंपातून जाणाऱ्या रक्ताचा आकडा मात्र आधीपेक्षा जास्त! पंप जोरात चाललाय, मग दम का लागतोय? पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. तिथे काय विचारू? ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी प्लीज सांगा.

इकोवाला: मेख तिथेच आहे. पंप डाव्या कप्प्यातलं रक्त ओढून महाधमनीत सोडतो. झडप गळत असेल तर त्यातलं काही रक्त मागे कप्प्यात येतं आणि पंप तेच पुन्हा ओढतो. नुसती गोल फेरी. आकडा वाढतो, शरीराच्या वाट्याला रक्त कमीच. शिवाय तो आकडा म्हणजे वीज आणि स्पीडवरून काढलेला अंदाज असतो.
गळती का होते? पंप बहुतेक सगळं रक्त ओढून घेत असेल तर झडपेला उघडायचं कामच उरत नाही, आणि महाधमनीतला दाब तिच्यावर अखंड राहतो. पाकळ्या कडेला एकमेकींना चिकटतात, झडपेचं बूड रुंदावतं, मधे फट पडते. म्हणून पहिला प्रश्न हा: झडप दर ठोक्याला उघडते, अधूनमधून, की कधीच नाही? रिपोर्टात लिहिलं नसेल तरी विचाराच.
दुसरं, 'मध्यम' शब्दावर निश्चिंत होऊ नका. ही गळती हृदय आकुंचन पावतानाही चालू राहू शकते, त्यामुळे नेहमीच्या निकषांत ती कमी दिसते. लक्षणं असतील तर लक्षणांना जास्त वजन.

कडुलिंब७: एवढं घाबरू नका. माझ्या मामांची गळती पंपानंतर उलट कमी झाली.

इकोवाला: मामांची मायट्रल असणार, म्हणजे डाव्या कप्प्यात रक्त येतं त्या वाटेवरची झडप. पंपाने डावा कप्पा रिकामा होऊन आकसतो, मग मायट्रलच्या पाकळ्या पुन्हा जुळतात. एऑर्टिकचं गणित उलटं आहे.

दुसरी_बॅटरी: मी स्वतः पंपवाली. बीपीबद्दल जरूर विचारा. दाब वाढला की गळती वाढते. आमची नाडी बऱ्याचदा लागत नाही, घरचं मशीन एरर दाखवत बसतं, त्यामुळे डॉपलरने (ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणारं यंत्र) मोजावं लागतं. मला सरासरी दाब ९० च्या आत ठेवायला सांगितलंय. बाबांची मर्यादा त्यांच्या टीमकडून लिहूनच घ्या.

पाणकणीस: मग स्पीड कमी करा म्हणून सांगू का?

इकोवाला: सांगू नका, विचारा. स्पीड उतरवला तर झडपेला उघडायला वाव मिळतो. पण गळती मोठी असेल तर डावा कप्पा तुंबतो, फुप्फुसात पाणी साठतं. अशा वेळी कधी स्पीड चढवावाही लागतो. त्याने आराम पडतो, पण गळती वाढू शकते. म्हणून इको चालू ठेवून स्पीड टप्प्याटप्प्याने बदलून बघतात, गरज पडल्यास उजव्या बाजूचं कॅथेटरही करतात, म्हणजे शिरेतून नळी घालून हृदयातले दाब मोजतात. लघवीच्या गोळीचा डोस तेव्हाच ठरेल.

कडुलिंब७: हो, मायट्रलच होती. 🙏 पण झडप बदलूनच का टाकत नाहीत?

इकोवाला: बदलतात, पण पुन्हा छाती उघडणं सोपं नाही. धातूची झडप टाळतात, कारण बंद राहिली तर गुठळी धरते. म्हणून जैविक झडप, नाहीतर पाकळ्यांना मधोमध टाका. पायातून नळीने झडप बसवता येते, मात्र तशा बऱ्याच झडपा चुना (कॅल्शियम) साचलेल्या कडेला धरून बसतात. इथे चुना नसतो, म्हणून सरकण्याचा धोका. प्रत्यारोपणाला बाबा पात्र आहेत का, तेही विचारून घ्या.

दुसरी_बॅटरी: @पाणकणीस, बाबा रात्री आडवे झोपू शकतात ना? वजन रोज बघता का?

पाणकणीस: दोन दिवस बसूनच झोपतायत. वजनही वाढलंय. मला वाटलं सर्दी असेल.

दुसरी_बॅटरी: अहो मग पुढचा आठवडा कसला! व्हॅड कोऑर्डिनेटरला (हॉस्पिटलात पंपाच्या पेशंटांकडे बघणारी व्यक्ती) आत्ता फोन करा, हेच दोन मुद्दे आधी सांगा.

पाणकणीस: केला. लगेच घेऊन या म्हणाले. बॅटऱ्या आणि जादा कंट्रोलर पिशवीत टाकतेय, निघतोच.