नाताळचा पाहुणा: ‘अ डॉग नेम्ड ख्रिसमस’ घरच्यांना दाखवावा का?

ओसरी:
आमचा बारा वर्षांचा लॅब्रॅडोर श्रावणात गेला. तेव्हापासून ‘या घरात आता कुत्रा नको’ यापलीकडे बाबा काही बोलत नाहीत आणि माझी सात वर्षांची मुलगी रोज तोच विषय काढते. नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून २००९ चा हा चित्रपट पाहावा, असे मनात आहे. कॅन्ससमधील शेतकरी कुटुंबातला, बौद्धिक वाढ थोडी मंद असलेला विशीतला टॉड, ‘आश्रयगृहातला एक कुत्रा नाताळपुरता घरी न्या’ हे आवाहन ऐकून वडिलांच्या मागे लागतो आणि सण संपताच कुत्रा परत जाईल या अटीवर होकार मिळवतो, एवढे कथानक मी वाचले आहे. चार दिवस लळा लावून मुक्या जिवाला पुन्हा पिंजऱ्यात सोडणे क्रूरपणाचे नाही का? शिवाय नकार देणारे वडील त्यात खलनायक ठरवले असतील, तर तो बाबांसमोर लावायची माझी इच्छा नाही.

चकवा:
दुसऱ्या शंकेचे आधी सांगतो, कारण माझ्या मते चित्रपटाचा जीव तिथेच आहे. ब्रूस ग्रीनवुड यांनी रंगवलेले वडील, जॉर्ज, खलनायक मुळीच नाहीत. ते व्हिएतनाम युद्धात लढून आलेले आहेत आणि कुत्र्यांशी निगडित जुन्या दुःखामुळेच त्यांना नवा कुत्रा नको आहे. त्या युद्धात अमेरिकेने सुमारे चार हजार कुत्रे वापरले आणि त्यांपैकी जेमतेम दोनशे मायदेशी परतले, कारण लष्कराच्या लेखी ते सैनिक नव्हते, साहित्य होते. निवृत्त लष्करी कुत्रे दत्तक देण्याची वाट कायद्याने मोकळी झाली ती थेट २००० साली. हे ठाऊक असले की त्या पिढीतल्या माणसाचा अबोला निव्वळ हट्ट वाटत नाही. टॉडच्या भूमिकेत नोएल फिशर गोड आहे, परंतु मी पाहत राहिलो ते ग्रीनवुड यांच्याकडे.

पाणवठा:
पहिल्या शंकेबद्दल. मी आठवड्यातून दोन दिवस एका श्वान-आश्रयगृहात काम करते आणि मलाही हीच भीती होती. ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या लिसा गुंटर, क्लाइव्ह विन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये पाच आश्रयगृहांतील २०७ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्रे कोणाच्या तरी घरी मुक्कामाला असताना त्यांच्या लघवीतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, कमी झाले; परतल्यावर ते वाढले, पण पूर्वीच्याच पातळीवर येऊन थांबले. थोडक्यात, तो मुक्काम विसावा ठरला आणि परतीमुळे ताण आधीपेक्षा वाढला नाही. कुत्रा भेट म्हणून कायमचा विकत आणून हौस फिटताच नकोसा होणे ही मात्र वेगळी गोष्ट. ‘कुत्रा नाताळपुरता नसतो, आयुष्यभरासाठी असतो’ या आशयाचे ब्रिटनमधील घोषवाक्य १९७८ पासून चालत आले आहे, ते त्याविरुद्ध. मुलीला हा फरक आधी समजावून सांगा, नाहीतर चित्रपट संपताच ती पिल्लाची यादी घेऊन बसेल.

खडीसाखर:
वरच्या दोघांशी सहमत आहे, तरी एक तक्रार नोंदवतो. हॉलमार्कच्या चित्रपटांत बर्फ, दिवे आणि पाणावलेले डोळे यांची रेलचेल असते आणि हाही त्याला अपवाद नाही. संपूर्ण गाव इतक्या सहजासहजी कुत्रे घरी नेते की आश्रयगृहात काम करणाऱ्यांना हेवा वाटावा. लहान मुलांना त्याने काही बिघडत नाही. मात्र नुकताच कुत्रा गमावलेल्या वडीलधाऱ्यांना एवढ्या गोडव्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून नातीच्या देखत त्यांची परीक्षा पाहू नका.

ओसरी:
सर्वांचे आभार. काल जेवताना बाबांना व्हिएतनाममधल्या कुत्र्यांविषयी सांगितले, तेव्हा त्यांनी घास तसाच धरून, ‘मग उरलेल्यांचे काय केले?’ असे विचारले. कित्येक महिन्यांनी या विषयावर त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला प्रश्न होता. शनिवारी रात्री मुलगी झोपल्यावर आम्ही दोघेच चित्रपट पाहणार आहोत. तिला दाखवायचा की नाही, ते बाबाच ठरवतील.