कट्टा, पार, ओटा आणि 'सार्वजनिक' : अर्थ व वापर

प्रश्न : नवी मुंबईतील आमच्या सेक्टरमध्ये रिकाम्या भूखंडावर बसण्याची जागा करावी, असे निवेदन रहिवासी महापालिकेला देणार आहेत. त्यात 'सार्वजनिक बैठक व्यवस्था' लिहावे की 'कट्टा'? कट्टा म्हटले की टवाळ पोरे आठवतात, अशी काहींची तक्रार आहे.

प्रतिसाद : 'कट्टा'च लिहावे, असे माझे ठाम मत आहे. 'बैठक व्यवस्था' म्हटल्याने बाक किती हवेत एवढेच कळते. तेथे कोण कोणाशेजारी बसणार, हे त्या शब्दात येत नाही. ओटा घराचा असतो, म्हणून तेथे टेकायला घरच्यांची ओळख लागते. चावडी सरकारची, आजही गावात महसुली नोंदी सर्वांसमोर वाचून दाखवण्याला चावडी वाचन म्हणतात. पाराविषयी मात्र आपण फार हळवे होऊन लिहितो. 'पारावर सगळा गाव जमायचा' असे म्हणताना, त्या पाराकडे ज्यांना फिरकूही दिले जात नसे, त्यांना आपण गावातून वगळत असतो.

'सार्वजनिक' या शब्दाचीही हीच कसोटी आहे. सरकारी खर्चाने बांधलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या कराव्यात, हा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला आणि पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंसह तेथे जाऊन पाणी प्यावे लागले, तेव्हा त्या ठरावातला शब्द प्रत्यक्षात उतरू लागला.

कट्ट्याला घरमालक नसतो आणि देवही नसतो. (कन्नडमधील 'कट्टे' हा शब्दही झाडाभोवतालच्या अशाच बांधीव बैठकीसाठी वापरतात.) त्याच्या रचनेतला गुण साधा आहे : तो सलग असतो. मध्ये लोखंडी दांडे घातलेल्या बाकावर तीन जागा म्हणजे तीनच माणसे. सलग कट्ट्यावर चौथा आला की 'जरा सरकता का?' असे विचारतो, आधीचे सरकतात आणि अनोळखी माणसांचे पहिले बोलणे तेथे होते. पाण्याचा, गटाराचा, मतदार यादीतल्या नावाचा विषय पुढे अशाच बोलण्यातून निघतो. राहिली टवाळीची तक्रार, तर ठाण्यात आचार्य अत्रे यांच्या नावाच्या कट्ट्यावर व्याख्याने होतात, तेव्हा शब्दाला बट्टा लागलेला नाही.

प्रतिप्रश्न : मग बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज या वसाहतीत घरांच्या मधोमध आहे ते अंगण म्हणायचे की कट्टा?

प्रतिसाद : अंगण किंवा चौक. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात तेथे साधारण आठ मीटर लांबी-रुंदीच्या चौकाभोवती सात घरे आणि अशा तीन गटांमध्ये मिळून आणखी मोठी मोकळी जागा, अशी चढती रचना केली. सात घरांचा चौक त्या घरांना आपला वाटतो, म्हणून ती तो झाडतात आणि राखतात. कट्टा त्यापुढच्या पायरीवरचा, म्हणजे सेक्टरचा. आज सोसायट्यांच्या कुंपणाआड 'फक्त सभासदांसाठी' अशी पाटी लावून जे बांधले जाते, त्याला कट्टा म्हणू नये. ते सामाईक अंगण आहे आणि तो शब्द त्याला पुरेसा आहे.

आणखी एक मत : कट्ट्यावर बायका फारशा दिसत नाहीत, हेही लिहायला हवे.

प्रतिसाद : अगदी रास्त. मात्र 'महिला कट्टा' अशी वेगळी पाटी मागू नये. तिने उरलेला कट्टा आपोआप पुरुषांचा ठरतो. त्याऐवजी मागणीच नेमकी करावी : 'कोणालाही विचारणा न होता बसता येईल असा, रस्त्यावरून दिसणारा, सलग कट्टा, त्यावर रात्री पुरेसा उजेड, एका टोकाला चाकाच्या खुर्चीसाठी मोकळी जागा व ज्येष्ठांना उठताना धरायला कठडा, जवळ स्वच्छतागृह, आणि प्रभाग समितीच्या सूचना बसल्या जागेवरून वाचता येतील असा फलक.'