शब्दचर्चा: लाइफबोटला काय म्हणायचं?

प्रश्न: एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात 'लाइफबोट' दोनदा येते. एकदा टायटॅनिकवरची, एकदा ब्रिटनच्या किनाऱ्यावरून वादळात सोडतात ती. दोन्हीकडे 'जीवरक्षक नौका' लिहिलं, पण मनाला पटत नाही. काय सुचवाल?

उत्तर: पटत नाही ते बरोबरच आहे, कारण दोघींची कामं उलटी. एक बुडत्या जहाजावरून निघून जाण्यासाठी, दुसरी बुडत्या जहाजाकडे धावण्यासाठी. 1824 साली सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये जी संस्था उभी राहिली, आजची आरएनएलआय (रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन), तिच्या बोटी दुसऱ्या प्रकारच्या. त्यांवरचे बहुतेक खलाशी आजही स्वयंसेवक असतात. तिथे 'बचावनौका' लिहा.

टायटॅनिकवर 20 बोटी होत्या, त्यांत जागा 1178 जणांची आणि जहाजावर माणसं 2200च्या आसपास. तेव्हाचा नियम माणसं मोजत नव्हता, जहाजाचं टनेज, म्हणजे आकारमान, बघून बोटी ठरवत होता. तिथे 'जीवनौका' शोभेल. सुटसुटीत आहे. 'जीवरक्षक' म्हटलं की चौपाटीवर शिट्टी वाजवणारा माणूसच आधी डोळ्यांसमोर येतो.

आणखी एक उत्तर: नुसतं 'बोट' मात्र नको. आमच्या आजीच्या तोंडी बोट म्हणजे मुंबईहून येणारी आगबोट. तिला ती दर वेळी 'लागायची'. धक्का नसेल तिथे बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला यायचे. म्हणजे कोकणी कानाला बोट मोठी, पडाव आणि होडी लहान.

17 जुलै 1947ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. वाचलेल्यांपैकी कितीतरी जणांना, मासे घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी पाण्यातून वर ओढून घेतलं. ही हकीगत सांगताना कोणी 'बचावनौका' म्हणत नाही, 'कोळ्यांच्या होड्या' म्हणतात. लेखात असा प्रसंग आला तर होडीच राहू द्या.

प्रश्न: आणि दोरी ओढली की पाण्यात फुगतो तो प्रकार? तीही जीवनौकाच?

उत्तर: नाही, तो तराफा. त्याला इंजिन नसतं, लाटा नेतील तिकडे जातो. जहाजाच्या नियमांतही दोन्ही वेगळे: जीवनौकेत माणशी 3 लिटर पिण्याचं पाणी, तराफ्यात 1.5.