माजी सैनिकांच्या आजारांवर संशोधनासाठी निधी मागायचाय, निवेदनात काय लिहू?

कोरेगावची सून
मी स्टाफ नर्स आहे. मामंजी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. सियाचिनला असताना हिमदंशानं उजव्या पायाची दोन बोटं गेली, त्याचं ते कधी काही बोलत नाहीत. पण साठी ओलांडल्यापासून थंडीत उरलेली बोटं पांढरीफटक पडतात, रात्रभर पायाची आग होते आणि जिना चढताना मध्येच थांबावं लागतं. उंचीवरच्या नोकरीचा याच्याशी संबंध आहे का, असं डॉक्टरांना विचारलं. "वयोमानानं होतं," म्हणाले. असेलही. पण तपासून सांगितलेलं ते उत्तर नव्हतं. निवृत्तीच्या वेळची लष्करी वैद्यकीय तपासणी (रिलीज मेडिकल बोर्ड) झाल्यावर सियाचिनचा त्यांच्या शरीरावर काय परिणाम झाला, हे आजवर कुणी पाहिलेलं नाही.

ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, २००३ पासून आहे, उपचार मिळतात. संशोधनासाठी केंद्रानं जास्त पैसा द्यावा, असं निवेदन मला खासदारांना द्यायचंय. नेमकं काय मागू?

निवृत्त लष्करी डॉक्टर, पुणे
ताई, हा वारसा आपलाच आहे. १९६२ च्या युद्धानंतर लडाखमध्ये जवानांच्या फुफ्फुसात पाणी भरण्याचे प्रकार आपल्याच लष्करी डॉक्टरांनी अभ्यासले. १९६५ चे त्यांचे लेख जगभर वाचले गेले. १९६९ मध्ये १,९२५ जवानांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अति उंचीवर काही आठवडे राहून हृदय निकामी होऊ लागलेल्या २१ जवानांची नोंद आली. खाली आणल्यावर ते बरे झाले. माझ्या मते खरा प्रश्न इथून पुढचा आहे: अशी माणसं साठीला पोचतात तेव्हा त्यांच्या हृदयाचं काय होतं? त्यासाठी वीस-पंचवीस वर्षं पाठपुरावा लागतो, आणि तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या पैशात तो होत नाही.

माजी हवालदार, खटाव
पोरी, हेतू चांगला आहे. पण आमच्या गावच्या म्हाताऱ्यांना ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक गाठायला एसटीनं अर्धा दिवस जातो. औषधपाण्याच्या पैशातून संशोधन होणार असेल तर मी सही करणार नाही.

बॉस्टनकर
मी इथे अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात संशोधन विभागात काम करते. इथल्या माजी सैनिक खात्याचं संशोधन १९२५ पासून चालू आहे आणि उपचारांच्या बरोबरीनं संशोधनाला वेगळी रक्कम मंजूर होते. शास्त्रज्ञ रोझलिन यालो यांचं १९७७ चं वैद्यकाचं नोबेल अशाच एका रुग्णालयातल्या कामासाठी होतं. २०११ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात २०२३ पर्यंत दहा लाख माजी सैनिकांनी रक्ताचे नमुने आणि माहिती दिली. याचा उपयोग सांगते. व्हिएतनाम युद्धाला गेलेल्यांच्या मधुमेहाचा तिथे फवारलेल्या एजंट ऑरेंज या रसायनाशी संबंध असू शकतो, असा पुरावा संशोधनातून पुढे आला, म्हणून २००१ पासून तो आजार नोकरीमुळे झाला असं धरलं जातं. प्रत्येकानं वेगळं सिद्ध करत बसायचं नाही.

कोरेगावची सून
काका, तुमची सही मला सगळ्यात आधी हवीय. म्हणून निवेदनात पहिलंच वाक्य असं घालते: संशोधनासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष (खर्चाचं वेगळं खातं) हवं, ईसीएचएसच्या पैशाला हात लावायचा नाही.

बॉस्टनच्या ताईंनी सांगितलेलं तर आपल्या अपंगत्वाच्या पेन्शनलाच लागू होतं. भरतीवेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळे झाला असं गृहीत धरावं, हे सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं. पण तो जवान आजारामुळे नोकरीतून बाहेर पडला होता. निवृत्तीनंतर वीस वर्षांनी दम लागायला लागला, तर मामंजींनी पुरावा कुठून आणायचा? तो पुरावा गोळा करणं सरकारचं काम आहे. ज्यांनी पाठवलं त्यांनीच विचारायला हवं.

मागणी अशी करते: सियाचिन आणि लडाखला राहिलेल्या माजी सैनिकांची संमतीनं नोंदणी, ठरावीक वर्षांनी तपासणी, आणि आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) व सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेला मिळून निदान वीस वर्षांचा खात्रीचा निधी. तपासणीची सोय तालुक्यालाच, म्हणजे काकांच्या गावच्यांना एसटीत दिवस घालवावा लागणार नाही.

डॉक्टरसाहेब, तपासण्यांमध्ये मी इको (हृदयाची सोनोग्राफी), सहा मिनिटं चालण्याची चाचणी आणि पायांच्या रक्तप्रवाहाची तपासणी धरलीय. अजून काय हवं ते कळवा. मसुदा आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवणार आहे.